कपाटातला दुसरा संच

“या कार्डाची नक्कल होत नाही.”

हे वाक्य मी लिहिलं आहे. मूळ माहितीपत्रक इंग्रजीत होतं आणि त्यात इतकं ठाम काही नव्हतं. नक्कल करणं अवघड आहे, एवढंच म्हटलं होतं. त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या ऑफिसात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. वारकेसाहेबांनी माझा मसुदा वाचला आणि म्हणाले, “अवघड म्हटलं की गिऱ्हाईक लगेच विचारतं, म्हणजे होते तर! सरळ लिही की बाई.” मी सरळ लिहिलं. ती पिवळी पत्रकं आम्ही पुढे सहा वर्षं जळगाव-धुळ्यात वाटली.

मी नव्या क्षेत्रातल्या तरुण स्त्रीचे अनुभव लिहावेत, असं मला या अंकासाठी सुचवण्यात आलं होतं. तसं काही उमेद देणारं मला लिहिता येणार नाही. मी त्या कामात होते, ते मला चांगलं येत होतं आणि ते मी सोडलं. मधे जे झालं ते सांगते. माणसांची नावं बदलली आहेत. माझा त्यातला भाग बदललेला नाही.

मी भुसावळची. वडील रेल्वेत. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागायचं आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून गेला की काकू हसायच्या. त्यामुळे कमी बोलायची सवय लागली, ती राहिली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर जळगावला वारकेसाहेबांकडे लागले. त्यांचा मूळ धंदा तिजोऱ्या आणि कुलपांचा. नव्वदच्या सुमाराला मुंबईहून कार्डावर उघडणारी दारं यायला लागली, तेव्हा साहेबांनी त्यांची एजन्सी घेतली. सोल्डरिंग करता येणारी आणि इंग्रजी पुस्तिका वाचता येणारी व्यक्ती त्यांना हवी होती. ती मी.

ज्यांनी असं दार पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दाराशेजारी एक खाचेचं यंत्र असतं. कार्डाच्या पाठीवर एक काळी पट्टी असते. कॅसेटची टेप जशी असते, तशीच ती असते, फक्त तिच्यावर गाण्याऐवजी एक आकडा भरलेला असतो. कार्ड खाचेतून ओढलं की यंत्र तो आकडा वाचतं आणि आपल्या यादीत आहे का ते पाहतं. असला तर दार उघडतं आणि कोणत्या वेळी कोण आत गेलं त्याची नोंद करतं. ‘कोण’ म्हणजे त्या आकड्यापुढे यादीत जे नाव असेल ते. ओढणारा हात कुणाचा, हे यंत्राला कळत नाही. गाण्याची कॅसेट जशी दुसऱ्या कॅसेटवर उतरवता येते, तसाच हा आकडाही ज्याच्याकडे साधन आहे त्याला दुसऱ्या पट्टीवर उतरवता येतो. आमच्या टेबलावर ते साधन होतं, आणि ते वापरणारी मीच होते.

तेव्हा कार्ड सांभाळणं म्हणजे खरं तर यादी सांभाळणं. माणूस गेला की त्याच दिवशी आकडा काढायचा. कार्ड हरवलं की नवा आकडा द्यायचा, जुना पुन्हा वापरायचा नाही. परत आलेलं कार्ड दोघांच्या समोर कापायचं. कोरी कार्डं मोजून ठेवायची. पुस्तिकेत हे सगळं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं, लाल शाईने अधोरेखितही केलं होतं.

लोकांना मात्र कार्ड म्हणजे मानाची वस्तू वाटायची. रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने आपल्या ऑफिसच्या खोलीला असं दार बसवून घेतलं. आत एक फोन, एक गादी आणि गणपतीचा फोटो. पाच भावांसाठी पाच कार्डं मी घेऊन गेले, एक ते पाच नंबरची. थोरल्या आबांनी एक नंबर घेतला. दुसऱ्याने हातात आलेलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं.

“दोन नंबर मी कसा? वखार मी सांभाळतो.”

“मग मी काय पाचवा?” सगळ्यात धाकटा म्हणाला. “ट्रकवाल्यांच्या शिव्या खायला मी पहिला आणि दार उघडायला पाचवा का?”

“तुझं तोंडच पाचवं आहे,” आबा म्हणाले.

अर्धा तास ते चाललं. शेवटी आबांनी मला सांगितलं, “पोरी, सगळ्यांना एकच नंबर कर.” मी म्हटलं, मग कोण आत गेलं ते कळणार नाही. ते म्हणाले, “कळून काय करायचंय? आमच्यातलंच कोणी जाईल ना!” मी पाचही कार्डांवर एकच आकडा भरला. जळगावला परत येताना एस.टी.त मला हसू येत होतं. वारकेसाहेबांना सांगितलं तर तेही हसले. तेव्हाच मला हसू यायला नको होतं. एका वस्तूच्या पाच प्रती करताना माझा हात जराही अडखळला नाही, कारण त्याची सवय मला ऑफिसातच लागलेली होती.

वारकेसाहेब प्रत्येक कार्ड दोनदा करायला लावायचे. एक गिऱ्हाईकाला आणि एक आमच्या लोखंडी कपाटात. त्यांच्या आयुष्यभराच्या धंद्यातून ते आलं होतं. तिजोरी विकली की ते गिऱ्हाईकाला सांगायचे, एक किल्ली शेजाऱ्याकडे नाहीतर मेव्हण्याकडे ठेवा. हरवली तर घर उघडं पडत नाही. “कार्ड हरवलं, फोन आला, की संध्याकाळच्या गाडीने कार्ड हजर. ह्याला म्हणतात सर्व्हिस,” ते म्हणायचे. ते खोटे नव्हते. खरंच त्यांना ती सेवा वाटायची. प्रत्येक गिऱ्हाईकाचा संच मिठाईच्या रिकाम्या खोक्यात, वर नाव लिहून. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक साहेबांकडे, दुसरी सुधीरकडे. सुधीर त्यांचा भाचा. विक्री आणि दुरुस्तीची फिरती त्याच्याकडे होती.

गिऱ्हाईकांना या दुसऱ्या संचाबद्दल आम्ही सांगत नसू. मी एकदा म्हटलं, “सर, पत्रकात आपण नक्कल होत नाही म्हणतो.” ते म्हणाले, “ही नक्कल थोडीच आहे? ही जोडी आहे.”

धुळ्याजवळच्या एका कापूस बियाण्यांच्या कंपनीने दार बसवलं ते त्यांच्या थंड खोलीला. संकरित कपाशीचं बियाणं करायला दोन वाणांची झाडं लागतात, एक मादीकडचं आणि एक नराकडचं. दोन्हीचं मूळ बियाणं ज्याच्याकडे, तो तसाच वाण उद्या आपल्या नावाने विकू शकतो. म्हणून ते मूळ बियाणं छोट्या कापडी पिशव्यांत, नावाऐवजी आकडे घालून, त्या खोलीत ठेवलेलं असे. आत जायला चाळीसेक माणसांना कार्डं होती. ती घेऊन मी पहिल्यांदा गेले तेव्हा आस्थापना विभागाचे देवरे नाना टेबलावर रजिस्टर उघडून बसले होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. एकेकाला बोलावून सही घेत होते.

प्रयोगशाळेतली एक मुलगी आली. माझ्याच वयाची. कार्डावरचा स्वतःचा फोटो पाहून अहिराणीत म्हणाली, “नाना, हाई कोण शे? पोलिसांनी धरेल दिखस.”

“सही कर माय,” नाना म्हणाले.

ती निर्मला पाटील. भडगावची, धुळ्याला मामांकडे राहून शिकली आणि इथेच लागली. सही करताना तिने मान वर करून मला विचारलं, “मॅडम, असं अजून एक बनवता येतं का हो? म्हणजे माझंच?”

“नाही,” मी म्हटलं. “नक्कल होत नाही.”

“तुम्ही किती बनवलीत माझी?”

“एक.”

“मग बरं. नाहीतर ह्या फोटोच्या दोन-दोन निर्मला म्हणजे कंपनीचं काही खरं नाही.” नाना हसले, मीही हसले. सहा वर्षांत शेकडो लोकांच्या हातात मी कार्ड दिलं. किती बनवलीत, असं विचारणारी ती एकटीच.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी माझी फेरी व्हायची. मी डबा घेऊन कुठेतरी कोपऱ्यात बसायची ते पाहून ती मला प्रयोगशाळेच्या ओट्यावर ओढून न्यायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा तिच्याकडे. मी खाताना पाणी पिऊ लागले की म्हणायची, “इंग्लिश मीडियमला तिखट सोसत नाही.” मी कुणाशी मैत्री आहे असं सहसा म्हणत नाही. तिच्याशी होती असं वाटतं.

एका थंडीत तिचं लग्न झालं, धुळ्यातल्याच बोरसे यांच्या घरात. महिन्याभराने नानांकडून आमच्याकडे फॉर्म आला, नवीन कार्ड, नाव अश्विनी दिलीप बोरसे. मला वाटलं नवी कोणी मुलगी आली. कार्ड द्यायला गेले तर समोर निर्मला, हिरव्या बांगड्या घालून.

“ओळखलं का? मी अश्विनी,” ती म्हणाली. “सासूबाईंच्या भावाने नाव काढलं. मला अजून हाक मारली की मीच इकडेतिकडे बघते.”

जुनं कार्ड तिने माझ्यासमोर नानांकडे दिलं. नानांनी ते नावबदलाच्या अर्जाला लावलं. त्या अर्जाला पुरावा म्हणून लग्नपत्रिका आधीच जोडलेली होती. पत्रिका, अर्ज आणि कार्ड, तिन्हीतून त्यांनी एक जाड पिन मारली. काळ्या पट्टीतूनच ती गेली. मी मनात म्हटलं, चला, कार्ड तरी मेलं.

यादीतला आकडा मात्र जिवंत होता. मी नानांना म्हटलं की निर्मला पाटील हे नाव आता यादीतून काढायला हवं.

“काढूत ना. फॉर्म लागी,” ते म्हणाले. “पण मॅडम, नाव काढाना एकच फॉर्म शे, नोकरी सोडी त्याना. ती तर आठेच बसेल शे.” आठेच म्हणजे इथेच.

“मग दुसरा काही कागद?”

“लगीन करं त्याना फॉर्म नही ना आपलाकडे.”

निर्मला हसून म्हणाली, “राहू द्या हो मॅडम. निर्मला कुठे तरी राहू दे.”

जळगावला आल्यावर मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “त्यांचा कागद आल्याशिवाय त्यांच्या यादीला हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर आपल्यावर येतं.” मी वहीत लिहिलं, ‘निर्मला पाटील आणि अश्विनी बोरसे एकच. जुनं काढायचं. पुन्हा विचारणे.’ पुन्हा विचारलं नाही. आणि आमच्या कपाटात, त्या कंपनीच्या खोक्यात, निर्मला पाटीलचं जोडीचं कार्ड होतं तसंच राहिलं. ते तरी मी कापायला हवं होतं. ते कापायला कुणाच्या कागदाची गरज नव्हती.

खरिपाच्या तोंडावर कंपनीने मूळ बियाण्याच्या पिशव्या बाहेर काढल्या. दोन्ही वाणांच्या मिळून तीन पिशव्यांमध्ये साधी सरकी निघाली. मूळ बियाणं काढून घेऊन कुणीतरी पिशव्या पुन्हा शिवून ठेवल्या होत्या. मग दाराच्या नोंदी पहिल्यांदाच कुणीतरी वाचल्या. तोपर्यंत नाना दर आठवड्याला छापून आलेले कागद बांधून रॅकवर ठेवत आले होते. लग्नानंतरच्या काळात, तीन वेगवेगळ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, खोलीत शिरल्याची नोंद होती. नाव निर्मला पाटील.

धुळ्याहून नाव आणि तारखा सांगणारा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एकटी होते. साहेब यायच्या आत मी कपाट उघडून घेतलं. त्या दिवशी साहेबांची किल्ली टेबलावर होती. खोक्यातली कार्डं मी दोनदा मोजली. निर्मला पाटीलचं नव्हतं. मग मी आमचं दुरुस्तीचं रजिस्टर उघडलं. त्या तिन्ही तारखांना सुधीरच्या अक्षरात एकच ओळ होती: धुळे, यंत्राची सफाई.

वारकेसाहेब आले. मी खोकं आणि रजिस्टर दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी रजिस्टर पाहिलं, खोकं पाहिलं, चष्मा काढला. मग म्हणाले, “ते कार्ड आपण तेव्हाच कापलं होतं. तुला आठवत नाही का?”

मी खोक्याचं झाकण लावलं.

“बहिणीला एकच मुलगा आहे गं,” ते म्हणाले. नंतर आवाज बदलून, “आणि तुझ्या वडिलांच्या रिटायरमेंटला किती दिवस राहिले?”

त्यांनी मला अहवाल सांगितला आणि मी तो इंग्रजीत टाइप केला. आमच्याकडे कोणतीही दुसरी प्रत ठेवली जात नाही. जमा केलेलं कार्ड निकामी आहे. जमा करण्यापूर्वी कार्डधारकाने प्रत करून घेतली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ज्या पत्रकात नक्कल होतच नाही असं आम्ही छापलं होतं, त्याच्या उलट हे वाक्य होतं, पण तेवढं कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. माझी टायपिंगमध्ये नेहमी दोन-तीन तरी अक्षरं चुकायची. त्या पानात एकही चुकलं नाही. खाली तांत्रिक साहाय्यक म्हणून माझी सही आहे.

चौकशी धुळ्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मॅनेजर, नाना, वारकेसाहेब, मी आणि निर्मला. तिचे यजमान बाहेर बाकावर बसले होते. काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

मॅनेजरने नोंदींचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला आणि पहिल्यांदा जरा उजळली. “साहेब, ही तिसरी तारीख बघा. आखाजीच्या आधीची. मी तेव्हा भडगावला होते, माहेरी. लग्नानंतरची पहिली आखाजी, मला भाऊ घ्यायला आला होता. रजेचा अर्ज आहे नानांकडे. विचारा.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण.

“शे,” नाना म्हणाले. “अर्ज शे. मन्हीच सही शे त्यावर.”

मॅनेजर म्हणाला, “तेच तर. तुम्ही गावाला, आणि तुमचं जुनं नाव इथे. म्हणजे कार्ड तुम्ही कुणालातरी दिलेलं.”

“पण कार्ड तर नानांच्या फाइलीत आहे!”

“ते आहे. त्याची प्रत दुसरीकडे होती. कार्डवाल्यांनी लिहून दिलंय, जमा करायच्या आधी प्रत करता येते.”

निर्मलाने नानांकडे पाहिलं. नाना फाइलीकडे पाहत होते. फाइल उघडीच होती. पत्रिकेवरचा गणपती आणि त्याच्यावर तिचा तो फोटो, मधून पिन.

“नाना, तुम्ही तरी सांगा, मी काय चोर शे का?”

“मी कुठे म्हनस माय,” नाना पुटपुटले. “मी काय म्हनस नही.”

मग ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. मला सोपं जावं अशा मराठीत, सावकाश विचारलं. “मॅडम, कार्ड तुम्ही बनवलं होतं. तुम्हीच सांगा. माझ्याशिवाय ते आणखी कुणाकडे होतं का?”

मी सांगितलं, “नियमाप्रमाणे नसायला पाहिजे.”

हे माझं उत्तर. घाबरून तोंडातून काही भलतंच गेलं असं म्हणायची सोय नाही. त्या उत्तराचा प्रत्येक शब्द मी निवडलेला होता. धड खोटं नव्हतं, आणि कुणाला खरं कळणार नाही याची पुरेशी काळजी त्यात होती. वारकेसाहेबांनी शेजारी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. निर्मला माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. तिला कळलं, असं मला तेव्हाही वाटलं.

कंपनीने पोलिसात तक्रार केली नाही. मूळ बियाणं गेलं ही बातमी बाहेर फुटली असती तर त्यांचंच नुकसान होतं. त्यांनी तिच्याकडून स्वखुशीचा राजीनामा घेतला. तक्रार झाली असती तर कुणीतरी गेटवरचं रजिस्टर मागितलं असतं आणि त्या तीन तारखांना आत कोण आलं ते दिसलं असतं. राजीनाम्यामुळे काहीच सिद्ध झालं नाही, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते खोडूनही काढता येत नाही. धुळ्यातल्या बियाण्यांच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. तिला पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत कुणी घेतलं नाही.

राजीनाम्यानंतर नोकरी सोडल्याचा फॉर्म आमच्याकडे आला. नानांनी दोन भरून पाठवले होते, एक अश्विनी बोरसेच्या नावाचा आणि एक निर्मला पाटीलच्या. ते दोन्ही आकडे यादीतून मीच काढले.

चौकशीहून जळगावला परतल्यावर वारकेसाहेबांनी कपाटातली सगळी खोकी टेबलावर ओतली. आम्ही दोघं समोरासमोर बसून कात्रीने कार्डं कापत होतो. जाड प्लास्टिक, माझ्या अंगठ्याला फोड आला. शेवटचं कापून झाल्यावर ते म्हणाले, “झालं. आता आपण लिहून दिलं ते खरं झालं.”

सुधीर त्याच पावसाळ्यात नोकरी सोडून शिरपूरकडे गेला. तिथे त्याने बियाण्यांची एजन्सी घेतली. मी त्याला खोलीत शिरताना पाहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

मी लगेच नोकरी सोडली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मी आणखी सव्वा वर्ष तिथे होते. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं. ही कारणं खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. त्या सव्वा वर्षात मी फार नेटकं काम केलं. प्रत्येक गिऱ्हाईकाच्या यादीतलं एकेक नाव पगारपत्रकाशी ताडून पाहिलं. लग्न होऊन नाव बदललेल्या आणखी चार बायका सापडल्या, प्रत्येकीचं माहेरचं नाव दारावर अजून चालू होतं. लग्नानंतर नाव बदलण्यासाठी मी वेगळा फॉर्म तयार केला. जुना आकडा बंद केल्याची तारीख आणि कार्ड कापताना हजर असलेल्या दोघांच्या सह्या, असे रकाने त्यात होते. फॉर्म चांगला होता. अजूनही कुठे कुठे वापरतात म्हणे.

नोकरी सोडल्यावर मी बियाणं कंपनीला पत्र लिहिलं. दोन पानं, इंग्रजीत. ज्या भाषेत खोटं लिहिलं त्याच भाषेत खरं लिहावं, असं काहीतरी तेव्हा मनात होतं. खरं कारण असं की मराठीत लिहायला मला लाज वाटत होती. दुसरा संच, हरवलेलं कार्ड, आमच्या रजिस्टरातल्या तीन तारखा, अहवालावरची माझी सही, सगळं लिहिलं. महिनाभराने एक पोस्टकार्ड आलं, देवरे नानांच्या अक्षरात. निवृत्तीला त्यांचे थोडेच दिवस उरले असावेत. ‘आपले पत्र मिळाले. साहेबांनी पाहिले. सदर पत्र संबंधित फाइलला जोडले आहे.’ खाली वेगळ्या शाईत, बहुधा स्वतःचं म्हणून, एक ओळ होती: ‘तिला जाऊन सांगा.’ आणि बोरसे यांच्या घराचा पत्ता.

मी गेले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तिथूनच परत फिरायचा विचार केला होता. धुळ्याला घर सापडायला वेळ लागला नाही. दार एका तरुण मुलीने उघडलं, तिच्या नणंदेने.

“निर्मला आहे?” मी विचारलं.

“निर्मला कोणी नाही इथे.” दार लावता लावता ती थांबली. “वहिनी का? अश्विनीवहिनी?”

निर्मला बाहेर आली. कडेवर मुलगी होती. ओट्यावर शिलाई मशीन, बाजूला ब्लाउजच्या कापडांचा ढीग. तिने मला बसायला सांगितलं. मी पुस्तकातली वाक्यं पाठ करून आल्यासारखं सगळं सांगून टाकलं. कपाट, जोडीची कार्डं, सुधीर, अहवाल, पत्र. मधे तिने मुलीच्या तोंडातून दोऱ्याची रिकामी रीळ काढून घेतली, एवढंच.

माझं संपल्यावर तिने विचारलं, “किती बनवली होती माझी?”

“दोन.”

“पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी तुम्हाला.”

“हो.”

“तेव्हा नाही सांगितलं ते ठीक. नोकरी होती तुमची. केबिनमध्ये विचारलं तेव्हा?”

माझ्याकडे वडील, भाऊ, क्वार्टर ही सगळी कारणं होती. तिच्यासमोर मला त्यातलं एकही सांगता आलं नाही.

“यांना हे सगळं सांगाल का?” ती म्हणाली. ‘यांना’ म्हणजे यजमानांना. “कंपनीला कळून मला काय करायचं? ह्या घरात मात्र अजून म्हणतात, माहेरच्या कुणाला तरी कार्ड दिलं असेल हिने. माझा भाऊ आखाजीला घ्यायला येत नाही आता.”

मी म्हटलं, थांबते, ते आले की सांगते.

“ते संध्याकाळी येतील.”

“थांबते.”

तिने मान हलवली, मुलीला खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “बसा. चहा टाकते.” आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला, भांड्याचा आला, मुलगी रडल्याचा आला. मी ओट्यावर मशीनसमोर बसून राहिले.

चहा तिच्या नणंदेने आणून दिला.